नळी किती लांब असावी? मापाच्या प्रश्नाची एक उकल

आज आपण तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात न शोभणारा एक प्रश्न घेऊ. खडतर रानात शिकारीसाठी रायफलीची नळी किती लांब असावी? अमेरिकेत एल्कच्या शिकारीपूर्वी हा प्रश्न हमखास निघतो. आपल्याकडे एल्कच्या जवळचं जनावर म्हणजे सांबर. पण ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज तर शिकार हा गुन्हाच आहे. म्हणून चांदा जिल्ह्यातली शिकार आपण भूतकाळ म्हणूनच बोलू.

आधी नळीचं काम समजून घेऊ. काडतुसातली दारू पेटली की वायू गोळीला रेटतो. नळी लांब, तर रेटा जास्त वेळ मिळतो. नळी एक इंच कमी केली, तर वेग सेकंदाला साधारण 20 ते 30 फुटांनी घटतो. मूळ वेग 2700 फूट धरला, तर चार इंचांनी घट होते शेकडा चारच्या आसपास. शिवाय दुर्बीण नसेल, तर लांब नळीवर नेम धरण्याच्या दोन खुणांमधलं अंतर वाढतं आणि नेमातली चूक कमी होते.

म्हणजे लांबच बरी? थांबा. रॉकी पर्वतात दरीपलीकडे 300 मीटरवर एल्क दिसतो. तिथे वेग कामाला येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूत पन्नास पावलांवरचं सांबरही धड दिसत नाही. तिथे शेकडा चार वेगाचं काय करायचं? लांब नळी मात्र बांबूत अडकते. आखूड नळी चटकन वळते, पण तिचा आवाज कानठळ्या बसवतो.

मग मधलं माप घ्यावं? ब्रिटिश फौजेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच केलं. पायदळाची नळी सुमारे 30 इंच, घोडदळाची सुमारे 21. त्याऐवजी सर्वांना 25 इंचांची एकच रायफल. कोठाराला ते सोयीचं होतं. पण अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, दोन टोकांचा मध्य बेरीज-भागाकाराने निघत नाही. मिलो पैलवानाला जेवण कमी पडेल, तेवढंच नवख्याला जास्त होईल. मध्य 'आपल्या संदर्भात' ठरतो.

आणि इथे संदर्भ फक्त शिकाऱ्याचा नाही, बरं का. नेम चुकला तर जखमी सांबर बांबूत शिरतं आणि तासन् तास तडफडतं. तेव्हा खरं माप 'वेग किती' हे नव्हे, तर 'या रानात, या हातांनी, जनावराला यातना न देता काम होईल का' हे आहे. ज्या अंतरावर याचं उत्तर 'नाही' येतं, तिथे कुठलीच नळी पुरेशी लांब नसते.

प्रश्न जुना झालेला नाही. आज याच जिल्ह्यांत माणसांवर हल्ला करणाऱ्या वाघाला बेशुद्ध करायला वनखात्याची माणसं डार्टची बंदूक घेऊन उभी असतात. तिथे वेग वाढवणं हीच चूक ठरू शकते. अंतर पाहून दाब ठेवावा लागतो; तो जास्त झाला तर सुई मांसात न थांबता हाडापर्यंत जाते, कमी झाला तर डार्ट पोचतच नाही. औषध भिनायलाही काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात वाघ झुडपात जातो. एकीकडे भेदरलेलं गाव, दुसरीकडे ते जनावर.

तर 'सर्वांत चांगलं कुठलं?' असं कुणी विचारलं, की आपण उलट विचारावं: कुठे, कशासाठी, आणि चूक झाली तर भोगणार कोण?