प्रेशर मशीन घेऊन धुलाईचा धंदा करायचा आहे? आधी हे वाचा

मच्छीमार बांधवांनो आणि भगिनींनो,

१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस आले की प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो: या दिवसांत पैसा कुठून आणायचा? अलीकडे आपली काही पोरं म्हणतात, पाण्याचं प्रेशर मशीन घेऊ आणि घरं, कुंपणं, आंगणं धुवायची कामं धरू. विचार चांगला आहे. गोव्यात पावसानंतर चिऱ्याच्या भिंती शेवाळाने काळ्या पडतात, आंगणात पाय घसरतो. काम मिळणारच. पण मशीन घेतलं म्हणजे धंदा झाला असं नाही. म्हणून आम्ही हे सविस्तर लिहीत आहोत.

काम कधी मिळतं?

भर पावसात लोक भिंती धुवून घेत नाहीत. खरं काम मे महिन्यात, मग चवथीच्या आधी, आणि पाऊस ओसरल्यावर दिवाळीपर्यंत. म्हणजे बंदीच्या दोन महिन्यांचा खर्च या कामातून भागवायचा असेल तर मे महिन्यातली कमाई बाजूला ठेवावी लागेल. जून-जुलैत उघडीप बघून ओढून ठेवलेल्या होड्या धुणं, मशीनची दुरुस्ती आणि चवथीच्या कामांची आगाऊ बोलणी, एवढंच धरून चला. घरातल्या ज्यांना बोटीवर जायचं नाही त्यांच्यासाठी हा धंदा जास्त सोयीचा.

मशीन कसलं घ्यावं?

सुरुवातीला १०० ते १५० बारचं विजेवरचं मशीन पुरतं. आधी चार-पाच कामं भाड्याच्या मशीनवर करा, जमलं तर विकत घ्या. पहिल्याच दिवशी कर्ज काढू नका.

नोझलचे रंग पाठ करा. लाल म्हणजे ० अंश, एकच धारदार धार. पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४० अंश. काळं साबणासाठी. घराच्या कामाला हिरवं आणि पांढरं वापरा. लाल पेटीतच राहू दे.

मशीन मिनिटाला ८ लिटर पाणी घेत असेल तर तासाला ४८० लिटर झालं. ५०० लिटरची टाकी तासाभरात रिकामी. पाणी संपून पंप कोरडा चालला की तो जळतो. म्हणून पाणी आणि वीज कोण देणार हे गिऱ्हाइकाशी आधीच ठरवा. विहिरीच्या पाण्यात रेती असते, पाइपाला गाळणी लावा. खाडीचं खारं पाणी मशीनला कधीच लावू नका. आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याने का धुतो ते आपल्याला सांगायला नको, इथेही तेच.

कुठे मारायचं, कुठे नाही?

चिरा मऊ दगड आहे. जवळून धार मारली तर दगडाला खड्डे पडतात, सांध्यातला चुना-सिमेंट निघून येतो. हात-दीड हात लांबून, पांढऱ्या नोझलने सुरू करा. आधी मागच्या कोपऱ्यात थोडं धुवून बघा. साबण खालून वर लावायचा, धुताना वरून खाली यायचं, म्हणजे ओघळ उठत नाहीत.

मंगलोरी कौलांवर खालून वर धार मारू नका, पाणी कौलांखाली शिरून माळ्यावर गळतं. ओल्या कौलांवर चढणं तर जिवाशी खेळ. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर काम सरळ नाकारा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, प्रेशरने त्याचे तंतू मोकळे होतात आणि ते फुप्फुसाला घातक आहेत.

लाकडी होडीच्या फळ्यांमधला कापूस प्रेशरने बाहेर येतो, तिथे ब्रशच बरा. फायबरची होडी वर ओढल्याबरोबर, ओली असतानाच धुवा. बुडाला चिकटलेली कवची सुकली की निघत नाहीत.

आणि एक महत्त्वाचं. बुडाच्या रंगात तांबं असतं. शेवाळ आणि कवची लागू नयेत म्हणूनच तो लावतात. तो खरवडून खाडीत सोडला तर तेच विष आपल्या तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या जागेवर जातं. खाली ताडपत्री घाला, खपल्या गोळा करा, पाणी खाडीत सोडू नका.

जिवाची काळजी

ही धार कातडी फोडून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण आत पाणी आणि घाण पसरते आणि बोट गमवायची वेळ येते. हळद लावून बसू नका. त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि ‘प्रेशर मशीनची धार लागली’ असं स्पष्ट सांगा. गमबूट आणि चष्मा हवाच.

विजेला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय मशीन लावू नका. जोड वायरीची गुंडाळी पूर्ण सोडा, नाहीतर ती तापते. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. पेट्रोलचं मशीन बंद जागेत चालवू नका.

दर कसा सांगावा?

शेजारी किती घेतो यावर दर ठरवू नका. हिशेब असा करा. समजा मशीन १८,००० रुपयांचं आणि ते ३०० तास चालेल असं धरलं, तर तासाला ६० रुपये झिजतात. चार तासांच्या कामाला मशीनचे २४०, दोघांची मजुरी १,६००, गाडीचे ३००, साबण-ब्लीचचे १५०. एकूण २,२९०. त्यावर दुरुस्ती आणि नफ्याचे २० टक्के धरले की साधारण २,७५० होतात. भिंत ९०० चौरस फूट असेल तर फुटाला तीन रुपयांच्या आसपास पडले. आकडे आपापल्या गावचे घाला, पण स्वतःची मजुरी धरायला विसरू नका. पुष्कळ जण तिथेच फसतात.

काम घेण्याआधी भिंतीचे फोटो काढा. आधीच्या भेगा, सुटलेला गिलावा गिऱ्हाइकाला दाखवा. काय धुणार, किती पैसे, आगाऊ किती, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. मीटर आणि प्लगवर प्लास्टिक बांधा, खिडक्या बंद करून घ्या. रंगकाम करायचं असेल तर भिंत काही दिवस पूर्ण सुकू द्या असं सांगून ठेवा, नाहीतर रंग सुटल्याचं खापर आपल्यावर.

उद्यम नोंदणी आधार कार्डावर ऑनलाइन मोफत होते. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

दोन घरांनी मिळून एक मशीन घेतलं तरी चालेल. फक्त कोणाच्या दिवशी कोण वापरणार आणि बिघडलं तर खर्च कसा वाटणार, हे आधी वहीत लिहा. रापणीचा वाटा आपण जसा चोख करतो, तसाच हाही करा.

ज्या घरात पोरं हे काम सुरू करायच्या बेतात आहेत, त्यांना हे वाचून दाखवा.