चार टीबीची डिस्क आणि एक एमबीची जागा



आमच्या विंगमधल्या जुन्या पीसीला रूममेटची नवी ४ टीबीची हार्ड डिस्क लावून त्यावर लिनक्स टाकायचं काम मी अंगावर घेतलं. एफडिस्कने वॉर्निंग दिली होती, मी वाचली नाही. पार्टिशन झालं ते २.२ टीबीचंच! आम्ही उगाच दुकानदाराला शिव्या घातल्या.

खरं कारण वेगळं होतं. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्येच सगळा संसार असतो. ४४६ बाइट बूटच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशन टेबलला. एका पार्टिशनला १६ बाइट, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. त्यात सेक्टरचा नंबर लिहायला ३२ बिट. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ करून बघा, २.२ टीबी येतात. पुढच्या सेक्टरना पत्ताच नाही, पोस्टमन जाणार कुठे?

उपाय म्हणजे जीपीटी, तिथे हा नंबर ६४ बिटचा असतो. पण तोवर रूममेटने प्रोजेक्टचा सगळा डेटा त्या डिस्कवर टाकला होता आणि सबमिशनला चार दिवस होते. जीडिस्कने डेटा न पुसताही टेबल बदलता येतं, पण दुसऱ्याच्या डेटावर प्रयोग करायची माझी हिंमत नव्हती. रात्री दोनपर्यंत विंगभर पेनड्राइव्ह मागत फिरलो.

एवढं करून ग्रब बसेना! एमबीआरमध्ये पहिल्या सेक्टरनंतर थोडी जागा रिकामी असते, ग्रब स्वतःचा मुख्य भाग तिथे कोंबतो. जीपीटीत तिथे टेबल असतं. म्हणून जुन्या बायोसच्या मशीनवर ग्रबसाठी १ एमबीचं वेगळं पार्टिशन काढावं लागतं. ते फॉरमॅट करायचं नाही, फक्त 'बायोस_ग्रब' हा फ्लॅग लावायचा. चार टीबी हाताशी असून मी एका एमबीसाठी अडलो होतो. (तुमचं मशीन यूईएफआयने बूट होत असेल तर याऐवजी फॅट३२ मधलं ईएफआय सिस्टिम पार्टिशन लागतं.)

त्यानंतर १ जीबीचं बूट पार्टिशन, तेही सुरुवातीलाच, कारण काही जुन्या बायोसना २ टीबीच्या पलीकडचं वाचता येत नाही. मग रूटला ६० जीबी, स्वॅपला ८, बाकी सगळं होमला. होम वेगळं असलं की पुन्हा लिनक्स टाकताना त्याला हात लावावा लागत नाही.

पहाटे लॉगिन स्क्रीन आली. सबमिशनही झालं. पण डेटा परत कॉपी करताना एक फोल्डर कमी भरलं, ते अजून सापडलेलं नाही. विंगमध्ये कोणाच्या पेनड्राइव्हवर 'फायनल_खरंच_फायनल' नावाचं फोल्डर असेल तर प्लीज डिलीट करू नका, रूममेट अजून माझ्याशी नीट बोलत नाही.