मधमाशी चावली तर जिवाला धोका नेमका कोणाला?

ट्रेकला जाणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं: मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली की एकाला नुसती सूज येते आणि दुसरा थेट बेशुद्ध पडतो, असं का? मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. वाचून जे समजलं, ते सोप्या भाषेत सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. गडावर आग्यामोहोळ उठलं आणि शेकडो माश्या चावल्या, तर विषच इतकं जातं की धोका कोणालाही असतो. ॲलर्जीचं गणित वेगळं. तिथे एक डंखही पुरतो. आधीच्या डंखानंतर काहींच्या शरीरात त्या विषाविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडी तयार होतात. पुढच्या डंखाला मास्ट पेशी हिस्टामाइन वगैरे रसायनं एकदम सोडतात. बीपी कोसळतं, श्वास अडकतो. यालाच ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

मग धोका कोणाला जास्त?

सगळ्यात मोठी खूण म्हणजे मागचा अनुभव. डंख हाताला, पण गांधी अंगभर उठल्या, चक्कर आली, दम लागला? मग पुढच्या वेळी सांभाळा. फक्त चावलेला हातच सुजला असेल, अगदी कोपरापर्यंत, तरी पुढे गंभीर रिॲक्शन येण्याची शक्यता बरीच कमी असते.

दुसरं, वय आणि हृदयविकार. बीपी कोसळलं तर वयस्कर माणसाचं हृदय ते झेपवू शकत नाही. बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ॲड्रेनालिनचा असर कमी पडू शकतो. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलायचं.

तिसरं, मॅस्टोसायटोसिस. हा दुर्मीळ आजार, यात मास्ट पेशीच जास्त असतात. अशा माणसाला अंगावर एकही गांध न उठता थेट भोवळ येऊ शकते. रक्तातलं ट्रिप्टेज तपासलं की अंदाज येतो.

शिवाय आटोक्यात नसलेला दमा, आणि मधपाळांसारखे वारंवार बसणारे डंख.

पण यातलं काहीच नाही म्हणजे आपण सेफ, असं समजू नका. कित्येकांची पहिलीच रिॲक्शन गंभीर असते.

म्हणून लक्षात ठेवा: मधमाशीचा काटा लगेच काढा. चक्कर किंवा दम लागला तर चुना लावत, लोखंड घासत बसू नका. माणसाला आडवं करा, पाय वर घ्या, एकदम उठवू नका. दम जास्त असेल तर टेकून बसू द्या. १०८ ला फोन करा. खरं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेत नाही.

वाचलात, तर ॲलर्जीतज्ज्ञांना नक्की भेटा. विषाचेच वाढते डोस देऊन शरीराला सवय लावणारी इम्युनोथेरपी असते. ती साधारण ३ ते ५ वर्षं चालते आणि बहुतेकांना चांगलं संरक्षण देते.

पुढच्या ट्रेकआधी ग्रुपमध्ये एवढंच विचारा: "आधी कोणाला असा त्रास झालाय का?" चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!