‘तीव्र’ : एका वैद्यकीय विशेषणाचा अर्थविचार

वैद्यकीय मराठीतील ‘तीव्र’ हे विशेषण अर्थसंकराचा बोधप्रद नमुना होय. इंग्रजीतील ‘अक्यूट’ व ‘सिव्हिअर’ ह्या दोन्ही संज्ञांसाठी मराठीत बहुधा हाच शब्द योजला जातो. वस्तुतः पहिली संज्ञा कालवाचक आहे. रोग अचानक उद्भवला व त्याचा क्रम अल्पकाळाचा आहे, एवढेच ती सांगते. दुसरी रोगाचा जोर दर्शविते.

सोलापूर जिल्ह्यातील उदाहरणांनी हा भेद स्पष्ट होईल. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत वारंवार उद्भवणारी पटकी अचानक येई व प्राणघातकही ठरे. तेथे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. साधे पडसे मात्र ‘अक्यूट’ असूनही सौम्यच असते. उलट, ज्या कापडगिरण्यांवर सोलापूर शहर वाढले, तशा गिरण्यांतील सुती धुळीमुळे जडणारा ‘बिसिनोसिस’ हा श्वासविकार वर्षानुवर्षे बळावत जातो. तो जुनाट खरा, परंतु अखेरीस अतिशय जोरकसही होऊ शकतो.

हा संकर कसा घडला? लॅटिन ‘अक्यूटस’ म्हणजे टोकदार, तीक्ष्ण. ‘तीव्र’ हा प्रतिशब्द व्युत्पत्तीला धरून आहे, प्रयोगाला धरून नाही. भूमितीने मात्र त्याच इंग्रजी विशेषणासाठी ‘लघुकोन’ ही अर्थानुसारी संज्ञा पत्करली. शिवाय बोलीत ‘जुनाट खोकला’ म्हणतात. ‘नवा खोकला’ असे सहसा म्हणत नाहीत. ‘जुनाट’ला जोडीदार नसल्याने ती रिकामी जागा ‘तीव्र’ने व्यापली.

ह्याचा परिणाम केवळ शाब्दिक नाही. अंगणवाडीच्या नोंदींतील ‘सॅम’ व ‘मॅम’ ह्या दोन्ही संक्षेपांत ‘अक्यूट’ आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरांहून कमी असल्यास ते ‘सॅम’, 11.5 ते 12.5 असल्यास ‘मॅम’. मराठीत त्यांना ‘तीव्र कुपोषित’ व ‘मध्यम कुपोषित’ म्हणतात. येथे ‘तीव्र’ने ‘सिव्हिअर’ची जागा घेतली आणि ‘अक्यूट’ नाहीसा झाला; कारण ‘मध्यम तीव्र’ म्हणणे वदतोव्याघात ठरला असता. परिणामी, अलीकडे झपाट्याने रोडावलेले मूल आणि दीर्घकालीन कुपोषणाने खुजे राहिलेले मूल ह्यांतील भेद ह्या नावांतून कळत नाही.

आयुर्वेदाने ‘तरुणज्वर’ व ‘जीर्णज्वर’ अशी ज्वराच्या वयावरून नावे दिली होती. त्याच तत्त्वाने परिभाषेत ‘आशुकारी’ व ‘चिरकारी’ ही जोडी कालासाठी योजावी आणि ‘तीव्र’ शब्द जोरासाठीच राखावा. रुग्णाशी बोलताना ‘अचानक उद्भवलेला’ म्हटले तरी पुरे. विनाकारण भय तरी उत्पन्न होणार नाही.