'शू झाली', 'शू आली' आणि 'शू केली'

दोन-अडीच वर्षांचे मूल ओली चड्डी दाखवून 'शू झाली' म्हणते, तेव्हा 'आधी का सांगितले नाहीस?' हा मोठ्यांचा प्रश्न अन्यायाचा ठरतो. 'झाली'ची जाणीव बहुधा आधी येते. 'आली'ची, म्हणजे मूत्राशय भरल्याची, मागाहून. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ११७० मुलांच्या पाहणीत दिवसाचा ताबा येण्याचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने आढळले.

आता व्याकरण पाहू. या दोन्ही वाक्यांत कर्ता 'शू' आहे, मूल नव्हे. 'चड्डीत शू केलीस!' म्हणताच कर्तृत्व मुलाकडे जाते, आणि त्यामागून दोषही. (वर्गात हा भेद शिकविणारेही घरी तो विसरतात.) अशा वेळी 'शू झाली? चल, चड्डी बदलू' एवढेच शांतपणे म्हणून मुलास मोरीकडे न्यावे. 'केलीस' हे रूप, मूल वेळेवर मोरी गाठील त्या दिवसासाठी राखून ठेवावे.