जोडणी नेमकी कोठे तुटली?

दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे खोचलेले बोटाएवढे उपकरण चित्रपट दाखवावयाचे सोडून ‘इंटरनेटशी जोडणी नाही’ एवढेच वाक्य पडद्यावर उमटवू लागले, की पुष्कळ घरांत दोन गोष्टी घडतात. राऊटर बंद करून पुन्हा सुरू केला जातो. आणि तेवढ्याने भागले नाही, तर उपकरण बिघडले असे ठरवून नवे आणले जाते. पहिली गोष्ट रास्त आहे. दुसरी बहुधा घाईची असते.

त्या वाक्यात दोन निरनिराळे दुवे एकत्र झालेले असतात. उपकरणापासून राऊटरपर्यंतचा दुवा रेडिओलहरींचा. तेथून बाहेरच्या जगापर्यंतचा बहुधा तारेचा किंवा प्रकाशतंतूचा. यांपैकी कोणता तुटला हे मोबाइलवरून ताडून पाहता येते. मात्र प्रथम त्यातील मोबाइल डेटा बंद करावा. नाहीतर वायफाय निरुपयोगी असताही फोन मुकाट्याने मनोऱ्यावरून माहिती आणतो, आणि ‘फोनवर तर सारे चालते’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

फोनही अडला, तर दोष राऊटरमध्ये अथवा त्यापलीकडे आहे. फोन चालला, तर उपकरणाच्या सेटिंग्जमध्ये त्याचा आयपी पत्ता पाहावा. घरगुती राऊटर पुष्कळदा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतो. तेथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर उपकरणाने पत्ता मागितला, कोणी उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला, असे समजावे.

रेडिओलहरींचेही काही स्वभाव आहेत. २.४ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६. दुसरी वेगवान सेवा देते, पण भिंतींत अधिक क्षीण होते. संचाचा धातूचा भाग दोहोंना आडवा येतो. लहानशा जोडतारेने उपकरण संचापासून वीतभर दूर आणले, तरी पुष्कळदा काम होते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते. जेवण गरम करतानाच चित्र अडखळत असेल, तर शोध तेथे घ्यावा.

सर्वांत फसवा दोष घड्याळाचा. संकेतस्थळे आपली ओळख पटविण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवितात, त्यास आरंभाची व अंताची तारीख असते. वीज जाऊन आल्यावर काही उपकरणांचे घड्याळ १ जानेवारी १९७० वर जाऊन बसते. भारतीय वेळेप्रमाणे पहाटे साडेपाच. अशा उपकरणास आजचे प्रमाणपत्र अद्याप सुरूच न झालेले वाटते. लहरी भरपूर, पत्ता योग्य, तरीही प्रत्येक सेवा नकार देते. येथे राऊटर कितीही वेळा बंद केला, तरी व्यर्थ. तारीख व वेळ दुरुस्त करावयास हवी.

याचे उलट टोक ३० सप्टेंबर २०२१ रोजी दिसले. त्या दिवशी पुष्कळ संकेतस्थळे ज्याच्या आधारे ओळख पटवीत होती, असे एक मूळ प्रमाणपत्र मुदतीबाहेर गेले, आणि नवी प्रमाणपत्रे न मिळालेली जुनी उपकरणे एकाएकी कित्येक स्थळांशी बोलेनाशी झाली. त्यांचा एकही भाग झिजलेला नव्हता. सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण निर्मात्याने पाठविले असेल, तरच त्यांचा उपयोग उरला.

उपकरण मूळ स्थितीस नेण्याचा उपाय यासाठीच शेवटी करावा. त्याने वायफायचा परवलीचा शब्द व सर्व खाती पुसली जातात. आणि ती पुन्हा भरण्यासाठीही जोडणीच लागते.