एका दिवशी एकच ठिकाण

मागच्या दिवाळीत पुण्याहून भाऊ, वहिनी आणि मुलं अंबरपेठला आमच्याकडे आली. चारमिनार, गोवळकोंडा, हुसेनसागर, सगळं मी एकाच दिवसात बसवलं. गोवळकोंड्याच्या पायऱ्यांवर पाच वर्षांचा पुतण्या रडून रडून झोपला. रात्री त्याला ताप भरला. "आत्या, मला घरी जायचंय," हे त्याचं वाक्य माझ्या मनातून गेलंच नाही.

जानेवारीत ते पुन्हा आले, तेव्हा नियम ठरवला: एका दिवशी एकच ठिकाण, दुपारचं जेवण आणि झोप घरी. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद, नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी; तेवढं पाहून दिवस निवडले.

सालारजंगमध्ये सगळी दालनं पाहण्याचा हट्ट सोडला. बाराच्या आधी त्या प्रसिद्ध घड्याळासमोर जाऊन बसलो. दर तासाला त्यातून एक छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो. बारा वाजता सर्वांत जास्त. पुतण्या मराठीत मोजत होता, माझी लेक शाळेच्या सवयीने तेलुगूत. आठव्या टोल्यापासून तीही मराठीत मोजू लागली.

एक वाजता आम्ही घरी वरणभात जेवत होतो. पुतण्याने विचारलं, "आत्या, उद्या कुठे?"